आगळ गोव्यात द्यायचंय, जीएसटीची क्वेरी आलीय आणि लाईट बिल आजेसासऱ्यांच्या नावावर

आगळवाली

नमस्कार मंडळी. आमचं घर वेंगुर्ले तालुक्यात. मी आणि सासूबाई मिळून आगळ (कोकमाचा खारवलेला रस), सोलं, फणसपोळी आणि कुळथाचं पीठ करतो. गेल्या वर्षी सगळी मिळून विक्री साडेसहा लाख, त्यातली अर्धीअधिक मे महिन्यात पडवीतूनच. मालासाठी मर्यादा 40 लाखांची आहे हे मला माहीत आहे, तेव्हा 'ताई, तुम्हाला नोंदणीची गरजच काय' असं कृपया कुणी लिहू नका. गरज आहे. गोव्यातल्या म्हापशाच्या एका दुकानदाराला चतुर्थीआधी 60 बाटल्या आगळ हवंय, पुढेही दर महिन्याला थोडं थोडं. आता आमच्याकडून नागपूरला माल पाठवला तर तो राज्यातल्या राज्यात, आणि सातार्ड्याचा पूल ओलांडला की परराज्य. परराज्यात माल विकायचा तर विक्री कितीही कमी असो, नोंदणी सक्तीची. दुकानदार म्हणतो, नंबर घ्या, बिल द्या, माल उचलतो.

बाजारातल्या एका सायबरवाल्याने साडेतीन हजार सांगितले. पोर्टलवर नोंदणीची फी शून्य आहे, म्हणून घरीच बसले.

पहिला भाग सोपा. पॅन, मोबाईल, ईमेल टाकायचं, दोन्हीवर वेगवेगळा ओटीपी येतो. आमच्या घरात मोबाईलला रेंज नाही, वायफाय आहे. म्हणजे ईमेलचा ओटीपी माजघरात येतो आणि मोबाईलचा विहिरीकडच्या माडाखाली. मुलगा फोन घेऊन पावसात माडाखाली, मी लॅपटॉपपुढे, आणि सासूबाई मधे पडवीत उभ्या राहून आकडे इकडून तिकडे ओरडून सांगतायत. त्यांनी 'साडेचारशे बारा' असं सांगितलं, मी काय टाईप करणार! तिसऱ्या खेपेला जमलं.

टीआरएन, म्हणजे अर्ज भरण्यापुरता तात्पुरता नंबर मिळाला, तो 15 दिवस चालतो. त्यात पाच दिवस लाईट नव्हती आणि बाकीचे दिवस मी 'उद्या करू' म्हटलं. संपला. दुसरा काढला. माझा फोटो 100 केबीच्या आत बसवायला एक दुपार गेली. आधारची लिंक आली, ते झालं, एआरएन, म्हणजे अर्ज दाखल झाल्याचा नंबर आला. पेढे आणायचेच बाकी होते.

काल ईमेल: आरईजी-03, म्हणजे अधिकाऱ्याची क्वेरी. जागेच्या मालकीचा पुरावा आणि संमतीपत्र जुळत नाही, खुलासा करा. सात कामाचे दिवस.

मी लावलेलं लाईट बिल आजेसासऱ्यांच्या नावावर आहे. ते माझ्या लग्नाच्या आधीच गेले, पण मीटर त्यांचाच. संमतीपत्र नवऱ्याच्या सहीचं. घराला वारस म्हटले तर मुंबईचे दोन काका, पुण्याची आत्या आणि आम्ही. सगळे चतुर्थीला येतील तेव्हा सह्या घेता येतील, पण चतुर्थीला अजून तीन आठवडे आहेत. सायबरवाला आता म्हणतो, पाचशेच्या स्टॅम्पवर सगळ्या वारसांचं नोटरी करून हवं. खरंच इतकं लागतं का?

पडवी होमस्टे

आधी मला एक सांगा, कंपोझिशन, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची सोपी योजना, का नाही घेत? एक टक्का भरायचा, विषय संपला. माझ्या मेहुण्याचं मालवणात तसंच आहे.

सातार्ड्याचो झिलगो

माका दोन वर्सांपूर्वी असाच झाला. घर आज्याच्या नावार, आजो कधीच गेलो, नी बिल अजून तेच्याच नावान येता. आमी ग्रामपंचायतीत जावन असेसमेंट उतारो, म्हंजे घरपट्टीचो उतारो, काढलो. तेच्यार बापाशीचा नाव होता. बापाशीची सही घेतली, काम झाला. लाईट बिलाच्या मागे लागा नकात. नी चतुर्थीची वाट तर बघूच नकात. मुंबयवाले येतत, आरत्यो करतत, नी सही मागितली काय 'बघूया' म्हणान गाडयेत बसतत.

हिशेबनीस कुडाळ

होमस्टेवाले, कंपोझिशनमध्ये परराज्यात माल विकताच येत नाही. यांचा सगळा खटाटोप म्हापशासाठी आहे, त्यामुळे तो रस्ता बंद. तुमच्या मेहुण्याचं गिऱ्हाईक मालवणातलंच असेल, त्याला ठीक आहे.

ताई, तुमच्या अर्जात दोन गोष्टी बघा. जागा कोणत्या हक्काने वापरता या रकान्यात तुम्ही काय निवडलंय? माझा अंदाज, 'स्वतःची'. राहतं घर आहे म्हणून सगळे तेच निवडतात. तुमचं नाव कागदावर नसेल तर तिथे 'संमतीने' असं हवं. दुसरं, संमती देणारा आणि मालकीच्या कागदावरचा माणूस एकच पाहिजे. अधिकाऱ्याचं एवढंच म्हणणं आहे. त्याला तुमच्या घरातली वाटणी सोडवायची नाहीये.

मालकीचा कागद म्हणजे लाईट बिलच असं कुठेही नाही. घरपट्टीची पावती चालते. सगळे बिल लावतात कारण ते फ्रीजवर चिकटवलेलं असतं आणि पावती शोधावी लागते. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने 17 एप्रिल 2025 ला आपल्या अधिकाऱ्यांना सूचना काढली, त्यातही हेच आहे: संमतीची जागा असेल तर साध्या कागदावर संमतीपत्र, संमती देणाऱ्याचं ओळखपत्र आणि मालकीचा एक कागद. जादा कागद मागत बसू नका असंही त्यांनीच सांगितलंय. ती सूचना केंद्राच्या अधिकाऱ्यांना आहे. तुमचा अर्ज राज्याकडे गेला असला तरी मी हेच तीन कागद लावतो. स्टॅम्प नाही, नोटरी नाही.

उत्तर आरईजी-04 या फॉर्ममध्ये द्यायचं. लॉगिन केल्यावर नोंदणीच्या मेनूत खुलासा दाखल करायचा पर्याय आहे. तिथे 'मूळ अर्जात बदल करायचा का' असं विचारतात. 'हो' म्हणा, नाहीतर तो रकाना दुरुस्त करता येणार नाही, नुसता कागद जोडला जाईल आणि चूक तशीच राहील. शेवटी ओटीपीने सही. धंदा एकट्याच्या मालकीचा असेल तर डिजिटल सही विकत घ्यायची गरज नसते, ती कंपन्यांना आणि एलएलपीला लागते. सात दिवसांत उत्तर गेलं नाही तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. त्यात दंड काही नाही, पण परत विहिरीपासून सुरुवात.

माहेर गुहागर

शेतकऱ्याला जीएसटी नोंदणी लागत नाही असं वाचलंय. रातांबे (कोकमाची फळं) तुमच्या परड्यातले असतील तर?

हिशेबनीस कुडाळ

रातांबे विकले तर शेतकरी. आगळ काढून बाटलीत भरलं की उत्पादक.

आगळवाली

हिशेबनीस, 'स्वतःची' हेच निवडलं होतं. तुम्ही पडवीत बसून बघत होतात काय?

झिलग्या, असेसमेंटचं वाचून सासूबाईंना विचारलं, घरपट्टी कुणाच्या नावावर आहे? त्या म्हणाल्या, 'माझ्या.' असं सहज, जणू मी मीठ कुठे आहे विचारलं. सासरे गेल्यावर त्या स्वतः ग्रामपंचायतीत जाऊन नाव लावून आल्या होत्या, घरात कुणाला सांगितलंही नाही. पावत्या कपाटात, लग्नातल्या शालूखाली, 2009 पासूनच्या सगळ्या, दर वर्षीची घडी वेगळी. मी इतके दिवस वारसांचा विचार करत झोपले नव्हते!

आता प्रश्न असा की संमतीपत्रात लिहू काय? आणि सासूबाई सही मोडीसारखी काहीतरी वळणदार करतात, बाकीच्या कागदांवर अंगठा आहे. चालेल?

हिशेबनीस कुडाळ

चालेल, सही असो वा अंगठा. मजकूर चार ओळींचा: मी अमुक, घर क्रमांक अमुक, गाव अमुक, या घराची घरपट्टी माझ्या नावावर आहे, माझी सून अमुक हिला या जागेत तिच्या व्यवसायासाठी वापर करायला माझी संमती आहे, भाडं घेत नाही. तारीख, सही. घर क्रमांक पावतीवर जसा आहे तसाच अर्जात टाका. पावतीवर 214 अ आणि अर्जात नुसतं 214 असं दिसलं की पुन्हा पत्र येतं.

पडवी होमस्टे

कंपोझिशनचं मी मागे घेतो. पण एक अनुभव सांगतो, कामाला येईल. सायबरवाल्याकडे गेला नाहीत ते फार बरं केलंत. माझी नोंदणी 2021 मध्ये एकाने करून दिली, आणि मोबाईल, ईमेल दोन्ही स्वतःचे टाकले. तेव्हा मला काही वाटलं नाही, उलट बरं वाटलं, डोक्याला ताप नको. पुढे तो दुकान बंद करून निघून गेला. रिटर्न थांबले, नोटिसा त्याच्या ईमेलवर, ओटीपी त्याच्या फोनवर. मला कळलं तेव्हा नंबर रद्द झाला होता. अधिकाऱ्याकडे पॅन, आधार आणि नोंदणीचे कागद घेऊन गेलो, मोबाईल-ईमेल बदलून घेतला, मग राहिलेले सगळे रिटर्न लेट फीसकट भरले, मग नंबर परत जिवंत केला. विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावाच लागतो, आणि तो चुकला तर दिवसाला 20 रुपये. विक्री असेल तर 50. माझे त्या दिवसांत खोल्या रिकाम्या होत्या. रिकाम्या खोल्यांची फी भरलीय मी.

माहेर गुहागर

शून्य रिटर्न एसएमएसने पण जातो हो. माडाखालून.

आगळवाली

अपडेट देते, कारण अर्धवट धागे मला स्वतःला आवडत नाहीत.

संमतीपत्र सासूबाईंनीच लिहिलं. मी सांगितलेल्या चार ओळींच्या सोळा झाल्या, त्यात सून कष्टाळू आहे हेही आलं. ते मी ठेवून घेतलं आणि दुसरं चार ओळींचं लिहून सही घेतली. पावती, त्यांचं आधार, पत्र, तिन्ही जोडले, रकाना 'संमतीने' केला. सहाव्या दिवशी संध्याकाळी दाखल. या खेपेला ओटीपीचे आकडे एकेक सुटे सांगायचे असं ठरलं होतं, पहिल्या झटक्यात झालं.

चार दिवसांनी नंबर आला. पंधरा अक्षरं, सुरुवात 27 ने, म्हणजे महाराष्ट्र, पुढे माझा पॅन. बँकेचं खातं अजून जोडलेलं नाही, त्याला 30 दिवस आहेत, पण हिशेबनीसांनी खासगीत दम दिलाय की पहिल्या रिटर्नआधी जोडा. तिमाही रिटर्नचा पर्याय घेतला. कर मात्र पहिल्या दोन महिन्यांचा पुढच्या महिन्याच्या 25 तारखेपर्यंत भरायचा आणि तिमाही संपली की 22 तारखेपर्यंत रिटर्न. हे मी कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिलंय, दुधाच्या हिशेबाच्या खाली.

म्हापशाचं पहिलं बिल काल केलं. 60 बाटल्या, 220 प्रमाणे 13,200 आणि वर कर. परराज्य असल्यामुळे सीजीएसटी-एसजीएसटी असे केंद्र-राज्याचे दोन तुकडे न करता आयजीएसटी एकच लावायचा, हे आधी चुकले होते, बिल फाडून दुसरं केलं. 50 हजारांच्या आत असल्याने ई-वे बिलाची भानगड नाही. उद्या नवऱ्याच्या मोटारसायकलवरून दोन खेपांत जाणार.

एकच राहिलंय. प्रमाणपत्र धंद्याच्या जागी लावायचं आणि पाटीवर नंबर लिहायचा असतो. आमची पाटी रंगवणारा सध्या गणपतीच्या शाळेत (मूर्ती करतात तिथे) अडकलाय, मूर्तींचे डोळे काढतोय, चतुर्थी झाल्याशिवाय येत नाही म्हणाला. तोवर आगळाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर मार्करने लिहिलाय आणि पडवीच्या खांबाला बांधलाय. पाऊस तिरका आला की शेवटचे दोन आकडे भिजतात.