ग्रंथपालाने पुस्तक सुचवावं, की नुसतं काढून द्यावं?

देवघेव
तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘काहीतरी चांगलं द्या ना’. उत्तर द्यायला हाताशी काय असतं? दाखल नोंदवही, तालिका आणि ड्यूईचे, म्हणजे विषयवार वर्गीकरणाचे आकडे. ड्यूईत झाडून सगळ्या मराठी कादंबऱ्या 891.463 मध्ये. भयकथावाले नारायण धारप आणि ‘कोसला’वाले भालचंद्र नेमाडे एकाच आकड्यात नांदतात! शं. ग. दात्यांची मराठी ग्रंथसूची थोरच, पण ती 1950 ला थांबते आणि पुस्तक आहे एवढंच सांगते, कोणाला द्यावं ते नाही. ‘ललित’ मासिकामुळे 1964 पासून नवीन काय आलं ते कळतं. पण ‘हे आवडलं ना, मग आता ते न्या’ असं सांगणारी, ग्रंथपालांनी ग्रंथपालांसाठी केलेली मराठी यादी माझ्या पाहण्यात नाही. अमेरिकेतली वाचनालयं यासाठी वर्गणी भरून ‘नोव्हेलिस्ट’ नावाची पुस्तकं सुचवणारी ऑनलाइन सेवा घेतात. आपण निदान एक सामाईक तक्ता करावा, असं माझं ठाम मत आहे.

वाळवी
साफ विरोध. ग्रंथपालाने सुचवायला लागलं की गावभर त्याच्याच आवडीची पुस्तकं फिरतात. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला तिसरा ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’. त्यासाठी त्यांचा भर मुक्तद्वारावर होता, म्हणजे वाचकानं स्वतः कपाटातून पुस्तक काढून बघायचं. आपल्याकडे अजून कित्येक ठिकाणी कपाटाला कुलूप, आणि सभासद काउंटरच्या अलीकडून चिठ्ठी सरकवतो. आधी कुलपं काढा. माणूस चार पुस्तकं चाळेल, एखाद्याच्या शेवटच्या पानावर कुणी पेन्सिलीनं ‘वेळ घालवू नका’ लिहिलेलं वाचेल आणि त्याचं तो ठरवेल.

देवघेव
@वाळवी, कुलपं काढाच, मी किल्ली आणून देते. पण उघड्या कपाटापुढेही माणूस गोंधळतो. परवाचंच घ्या. एक काका ‘मृत्युंजय’ परत करायला आले, म्हणाले, ‘असंच आणखी द्या.’ असंच म्हणजे कसं? त्यांना कर्ण आवडला असेल तर रणजित देसाईंचं ‘राधेय’. एकच गोष्ट वेगवेगळी पात्रं आपापल्या तोंडानं सांगतात हे आवडलं असेल, तर भैरप्पांचं ‘पर्व’, उमा कुलकर्णींचा अनुवाद आहे. पण जपून, तिथे चमत्कार नाहीत, सगळी हाडामांसाची माणसं. महाभारतातल्या माणसांबद्दल कुतूहल जागं झालं असेल तर इरावती कर्व्यांचं ‘युगांत’. आणि भरजरी भाषाच आवडली असेल, तर यातलं ‘युगांत’ हातात देऊन तुम्ही एक वाचक गमावलात. विषय चौघांचा एक, वाचक मात्र चार. अमेरिकेतल्या ग्रंथपाल जॉयस सॅरिक्स यांनी 1989 मध्ये हेच मांडलं होतं, की विषय काय यापेक्षा कथेचा वेग, पात्रं, कथानक आणि वातावरण यातलं काय भावलं ते विचारा. माझ्या तक्त्यात हेच रकाने हवेत. यात माझी आवड कुठे आली?

रांगेतला
एवढा खटाटोप कशाला? मोबाइल काढा, एआयला विचारा, दहा नावं हजर.

पानोपानी
@रांगेतला, दहातली किती खरी? मे 2025 मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’मध्ये उन्हाळ्यात वाचायच्या पुस्तकांची अशीच एक यादी छापून आली. 15 पुस्तकं, त्यातली 10 अस्तित्वातच नव्हती! लेखक खरे, पुस्तकं बनावट. इंग्रजीत ही तऱ्हा, तर मराठीचं काय होईल? गुडरीड्सवरही आपल्या बऱ्याच पुस्तकांना मूठभर अभिप्राय, त्यातले काही ‘नाइस बुक’. तक्ता कराच, पण त्यात स्वतः वाचलेलंच येऊ दे.

वाळवी
बरं, वाचलेलंच येऊ दे. धारप संपवलेल्याला पुढे काय द्याल?

देवघेव
रत्नाकर मतकरींच्या गूढकथा.

पानोपानी
मी जी.ए. कुलकर्णी दिले असते. भय तेच, फक्त भूत नाही.

वाळवी
घ्या! इथेच दोघांचं जमेना. रात्री दिवा लावून झोपायला लावणारं पुस्तक मागणाऱ्याला जी.ए. देणं हा छळ आहे.

देवघेव
मग दोन्ही लिहू, कोणाला कुठलं तेही लिहू. यादीत मतभेद असले तर चालतील, उलट बरंच.

एकखांबी
तुमचं चालू द्या, मी ‘ड’ वर्गातून बोलतोय. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालच्या नियमांनी वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग केले. ‘ड’ म्हणजे ग्रंथपाल, लिपिक, शिपाई सगळं मीच. अनुदान हप्त्यांत येतं, उरलेल्या पैशांत पुस्तकं घ्यायची. ती निवडतात कार्यकारिणीतली मंडळी, बहुतेकदा कमिशन बघून. तुम्ही ‘पर्व’ सुचवाल हो, माझ्या कपाटात ते आहे कुठे? एका गठ्ठ्यात व्यक्तिमत्त्व विकासाची आलेली पुस्तकं अजून गठ्ठ्यातच आहेत.

वाळवी
@एकखांबी, हेच म्हणतो मी. शिफारशीच्या आधी खरेदी सुधारा.

एकखांबी
थांबा, माझी बाजू परस्पर तुमच्याकडे लावू नका. तक्ता मला हवाय. पुढच्या खरेदीच्या सभेत माझ्या तोंडी मागणीला कोण विचारतो? कागदावर वीस गावांच्या ग्रंथपालांची नावं असली तर निदान वाचून तरी बघतील. फक्त त्यात ‘कोणाला देऊ नये’ असाही रकाना ठेवा, मला त्याचाच जास्त उपयोग आहे. आणि एक्सेलमध्ये नको, वाचनालयातला कॉम्प्युटर बंद आहे. छापून पाठवा.