मदत हवी आहे: बोटीचा ट्रेलर ओढताना अपघात झाला, ट्रेलरला पासिंग नाही, क्लेम कुणाकडं करायचा?

नमस्कार मंडळी,

शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावातून लिहितोय. जरा सविस्तर सांगतो, कारण अर्धवट सांगून सल्ला मागितला की सल्लाही अर्धवटच मिळतो.

२०१९ च्या पुरात आमची निम्मी वस्ती पाण्यात होती आणि बाहेरून बोट पोचायला दुसरा दिवस उजाडला. ती रात्र ज्यांनी कौलावर बसून काढली ते अजून त्याबद्दल बोलत नाहीत. पुढच्या वर्षी मंडळानं घरटी वर्गणी काढून फायबरची बोट घेतली. २०२१ च्या पुरात त्याच बोटीनं म्हातारी माणसं, एक बाळंतीण, शेरडं-करडं सगळी काढली. दरवर्षी मे महिन्यात बोट कोल्हापूरला नेतो, इंजिनचं सर्व्हिसिंग आणि फायबरची डागडुजी करून आणतो. गाडी माझी, बोलेरो, पांढऱ्या पाटीची. ट्रेलर उद्यमनगरात एका वर्कशॉपमधून वेल्डिंग करून घेतलेला. त्याचं पासिंग केलेलं नाही. त्यालाही नंबर लागतो हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. चूक आमची आहे, ती मान्य करूनच विचारतोय.

मागच्या बुधवारी संध्याकाळी परत येताना हातकणंगल्याच्या अलीकडं गतिरोधकाला गाडी हळू केली आणि मागून टेम्पोनं ट्रेलरला ठोकलं. हुकाची पिन तुटली. वर सेफ्टीची साखळी होती, पण तिच्या एका कडीचा वेल्डिंगचा टाका उघडला. ट्रेलर आडवा झाला, बोट घसरून रस्त्यावर पडली. मागून येणारा दुचाकीवाला बोटीवर आदळला. कामावर निघालेला पोरगा. गळ्याजवळचं हाड मोडलंय आणि मनगट फ्रॅक्चर आहे. त्याच्या घरी जाऊन आलो. त्याची आई काही बोलली नाही, नुसता चहा पुढं केला. त्यानंच जास्त वाईट वाटलं.

नुकसान असं: बोलेरोचं मागचं दार, बंपर आणि चासीचं टोक, गॅरेजचं इस्टिमेट १ लाख १५ हजार. बोटीची मागची फळी, जिथं इंजिन अडकवतात ती, आडवी चिरली आहे. चिरेतून फायबरचे पांढरे धागे बाहेर आलेत, हात लावला की टोचतात. तळालाही चारेक फूट तडा आहे. फायबरवाला ९० हजार म्हणतोय. इंजिन काढून गोणपाटात गुंडाळून गाडीत ठेवलं होतं म्हणून वाचलं.

पोलिसांनी टेम्पोचालकावर गुन्हा नोंदवलाय. बोलेरो सोडली, पण बोट आणि ट्रेलर अजून ठाण्याच्या आवारात उन्हात आहेत. माझ्या कंपनीचा सर्व्हेअर येऊन गेला. म्हणाला, "ट्रेलर पॉलिसीवर चढवलेला नाही, त्याचं रजिस्ट्रेशन नाही, आणि बोट म्हणजे माल झाला. खाजगी गाडीनं माल न्यायला पॉलिसीत मनाई आहे. फाईल पुढं पाठवतो, पण आशा धरू नका."

गावातले काही जण सांगतायत, ट्रेलर होता हे लिहूच नको, गाडीला सरळ मागून धडक बसली एवढंच लिही. मला ते पटत नाही आणि भीतीही वाटते. बोटीचा वेगळा विमा नाही. मग बोटीचे पैसे कुणाकडं मागायचे? माझा गाडीचा क्लेम जाणार का? त्या पोराचं काय? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, क्लेम मिटेपर्यंत बोट दुरुस्त करायची नाही असं असेल तर पाऊस आमच्यासाठी थांबणार नाही. मागच्या पुरांत कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं की आमच्याकडं सामान माळ्यावर चढवायला सुरुवात झालेली असायची.

*

प्रतिसाद – क्लेमवाला_जयसिंगपूर

दादा, आधी एक गोष्ट. ट्रेलर लपवायचा विचार मनातून काढा. पंचनाम्यात ट्रेलर आणि बोट दोन्ही आलेले असणार, दुचाकीवाला बोटीवर आदळलाय. खोटं लिहिलंत की जो क्लेम मिळण्यासारखा आहे तोही जाईल. मी वीस वर्षं मोटर क्लेमचं काम करतोय, माणसं अपघातापेक्षा अशा 'हुशारी'नं जास्त बुडालेली पाहिलीत.

आता बोट, बोलेरो आणि तो जखमी पोरगा अशा तीन वेगळ्या फायली करा, डोक्यातसुद्धा.

बोट. ही तुमच्या पॉलिसीत मिळणार नाही. खाजगी गाडीच्या ट्रेलरसाठी मोटर टॅरिफमध्ये आयएमटी ३० नावाचं वेगळं एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायची पुरवणी असते. ते घेतलं असतं तरी ट्रेलरवर ठेवलेली वस्तू त्यात धरत नाहीत. पण टेम्पोच्या दृष्टीनं तुमची बोट ही तिऱ्हाइताची मालमत्ता आहे, म्हणून तिचे पैसे टेम्पोच्या थर्ड पार्टी विम्यातून मागायचे. मालवाहू गाडीला मालमत्तेच्या नुकसानीसाठी साधारण साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. काही मालक हप्ता वाचवायला ते सहा हजारांवर आणतात, तेवढं त्याच्या पॉलिसीत बघून घ्या. टेम्पोचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाका, विमा कुठल्या कंपनीचा आणि कधीपर्यंत आहे ते कळेल. अर्ज कोल्हापूरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली. कायद्यात अपघातापासून ६ महिन्यांची मुदत आहे, पावसाळा आणि गणपती यात ती कधी संपते कळत नाही.

बोट कुणाच्या मालकीची, हा प्रश्न पहिल्याच तारखेला येणार. बिल कुणाच्या नावावर आहे? मंडळ नोंदणीकृत आहे का? नोंदणीकृत असेल तर ठराव करून एकाला अधिकार द्या. वर्गणीची पावतीपुस्तकं सांभाळा, पुरात भिजलेली असली तरी.

बोलेरो. इथं लढायला जागा आहे. गाडी भाड्यानं दिली नव्हती, बोट विकायला न्यायची नव्हती, आणि धडक मागून बसली. ट्रेलरला नंबर असता तरी टेम्पो आदळलाच असता. हे लेखी मांडा. तरीही अट मोडली असं कंपनी म्हणाली तर सुप्रीम कोर्टाचा २०१० चा अमलेंदु साहू निकाल पुढं करा. त्यात खाजगी गाडी भाड्यानं वापरली होती, तरी क्लेम पूर्ण नाकारू न देता काही रक्कम द्यायला लावली. ट्रेलरच्या स्वतःच्या नुकसानीचे पैसे मात्र सोडून द्या.

*

प्रतिसाद – नदीकाठ

वकील आहे, वरच्या प्रतिसादात थोडी भर घालतो.

बोट सोडवायला न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज करा, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली. सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करू असं लिहून घेऊन सोडतात. पूरकाळातली बचाव बोट आहे आणि पावसाळा तोंडावर आहे हे अर्जात ठळक लिहा, ग्रामपंचायतीचं पत्र जोडा.

दुरुस्ती थांबवायची गरज नाही, पण पुरावा आधी पक्का करा. टेम्पोच्या विमा कंपनीला रजिस्टर पोस्टानं कळवा की अमुक तारखेपर्यंत बोट पाहून घ्या, नंतर आम्ही काम सुरू करतोय. कुणी आलं नाही तर परवानाधारक सर्व्हेअरकडून स्वतःच्या खर्चानं अहवाल घ्या. चिरेवर मोजपट्टी ठेवून फोटो काढा. जुनी फळी कापून काढली की ती फेकू नका, गोठ्यात ठेवा. बिल जीएसटीचंच घ्या, वहीच्या पानावरचं चालणार नाही.

जखमी मुलाबद्दल. तो टेम्पोवर दावा करेल आणि तुम्हालाही पक्षकार करेल, त्यात राग मानू नका, वकील तसंच करतात. नोटीस आली की दुर्लक्ष करू नका, त्याच दिवशी कंपनीला द्या. अपघाताची लेखी खबर तुमच्या कंपनीला दिली आहे ना? क्लेम फॉर्मपुरतं ते राहू देऊ नका. ट्रेलरचा विमा नव्हता म्हणून कंपनी अंग काढायला बघेल. अशा वेळी न्यायाधिकरण कधी कधी 'कंपनीनं आधी द्यावेत, मग मालकाकडून वसूल करावेत' असं सांगतं. म्हणजे ओझं शेवटी तुमच्यावर येऊ शकतं, ते आत्ताच समजून घ्या.

त्याच्या घरी गेलात ते चांगलं केलंत, जात राहा. पण स्टॅम्प पेपरवर आपसात मिटवू नका आणि 'चूक माझी' असं लिहून देऊ नका. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय कबुली किंवा पैसे दिले तर पॉलिसीची अट मोडते.

*

प्रतिसाद – उद्यमनगरकर

मी ट्रेलर करतो. साखळीच्या कडीला टाका मारलेला चालत नाही, अखंड कडीची ग्रेडवाली साखळी लागते, आणि दोन साखळ्या हुकाखाली फुलीत टाकायच्या. पिन निसटली तरी दांडी रस्त्यावर पडत नाही, साखळ्यांच्या झोळीत बसते. तुटलेली कडी जपून ठेवा, दाव्यात कुणी विचारलं तर दाखवता येईल. नवीन करताना आरटीओत नोंदणी करून घ्या. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे मोटर वाहनच धरलंय. आम्ही वर्कशॉपवाले गिऱ्हाइकाला हे सांगत नाही, सांगायला पाहिजे.

*

धागाकर्ता, आठ दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. क्लेमवाले दादा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. पंचनाम्यात स्पष्ट लिहिलंय, 'लोखंडी ट्रेलर, विनानंबर, त्यावरील फायबर बोट'. लपवायला गेलो असतो तर पहिल्याच पानावर सापडलो असतो.

टेम्पोचा विमा चालू आहे, पुढच्या फेब्रुवारीपर्यंत. बोटीचं बिल मंडळाच्या नावावरच निघालं, खजिनदाराच्या ट्रंकेत होतं. रविवारी मारुतीच्या देवळात बैठक झाली, ठराव केला. कंपनीला ट्रेलरसकट सगळं खरं लिहून दिलं आणि पोच घेतली. आता क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडं आणि मग पुण्याच्या विमा लोकपालाकडं जायचं, एवढं समजलंय. तिथं फी लागत नाही म्हणतात, बरोबर ना?

पोराला काल परत भेटलो. प्लास्टर दीड महिना. त्याच्या वकिलाचा नंबर त्यानंच दिला, म्हणाला, तुमच्याविरुद्ध काही नाही, पण नाव घालायला लागतंय. मी म्हटलं, घाल.

बोट सोमवारी सुटेल असं दिसतंय. फायबरवाला बारा दिवस मागतोय, त्यात पाऊस लागला तर रेझिन वाळत नाही. म्हणजे जूनचा शेवट. आता एकच मागणं आहे: जुलैच्या मध्यापर्यंत कुणाकडं पाच-सहा माणसांची बोट उसनी मिळेल का? इंजिन आमचं आहे, जॅकेट आमची आहेत, वल्हवणारी पोरं आहेत. कुरुंदवाड, जयसिंगपूर, इचलकरंजी, कुठूनही चालेल. न्यायला मी येतो, पण या वेळी पासिंग असलेल्या टेम्पोत चढवून.

*

प्रतिसाद – क्लेमवाला_जयसिंगपूर

बरोबर, लोकपालाकडं फी नाही. कंपनीकडं लेखी तक्रार करून महिनाभर वाट पाहा किंवा उत्तर आलं की जा, नाकारल्यापासून वर्षाच्या आत. बोटीचं विचारतो, आमच्या नदीघाटावर एक आहे. रात्री कळवतो.