वेताळ टेकडीचा बेसॉल्ट आणि डायनोसॉरांचा अंत

टेकडीकर: पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीतील काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, पांढरे स्फटिक भरलेल्या पोकळ्या दिसतात, पण जीवाश्म दिसत नाहीत, हा दगड डायनोसॉरांच्या काळाच्या आसपासचा असेल, तर असे का?

कातळवेडा: लाव्हा थिजताना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांत नंतर झिओलाइट नावाची खनिजे साचली, तेच ते स्फटिक. डायनोसॉरांचे अवशेष लाव्हाखालच्या गाळाच्या खडकांत, म्हणजे चंद्रपूरकडे पिसदुऱ्याला किंवा गुजरातेत बालासिनोरला मिळतात.

पेठकरी: म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा डायनोसॉरांचा विनाश आपल्या दख्खनने, म्हणजे इथल्या ज्वालामुखींच्या उद्रेकांनी, घडवला का?

कातळवेडा: एकट्याने नव्हे. उद्रेक आधीच सुरू होते हे खरे. परंतु मेक्सिकोतील चिक्शुलूबचे सुमारे १८० किलोमीटर रुंद विवर आणि जगभर सापडणारा इरिडियमचा (पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, पण लघुग्रहांत जास्त असणाऱ्या धातूचा) थर पाहता मुख्य घाव लघुग्रहाचाच, असे माझे मत आहे.