सालदाराला पाच पोरं, म्हणून तो गरीब?

सातपुड्याची बाई
आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी होते, चोपडा तालुक्यात. तेव्हा आमच्याकडे नवा सालदार, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर शेतात राबणारा गडी, ठरतो. ओट्यावर काका आणि दोन शेजारी, समोर खाली उकिडवा बसलेला सालदार. साल एक लाख पंधरा हजारांवर ठरलं, त्यातले चाळीस हजार आगाऊ. मग काकांनी विचारलं, पोरं किती? तो म्हणाला, पाच. ओट्यावर माना हलल्या. "दोनावर थांबला असता तर साल धरायची पाळी आली नसती," काका म्हणाले. तो काही बोलला नाही. चहा बशीत ओतला आणि खाली बघत पीत राहिला.

मला ते वाक्य अजून सुटत नाही, म्हणून हा धागा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा वर्षं शिकवते, त्यातली नऊ नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात. माझ्या मते काकांनी गोष्ट उलटी सांगितली. पोरं जास्त म्हणून तो गरीब झाला नाही. गरिबाच्या घरात पोराचा खर्च कमी आणि आधार जास्त असतो. सातव्या वर्षापासून शेळ्या, पाणी, धाकट्याला सांभाळणं. पंधराव्या वर्षी आईबापाबरोबर ऊसतोडीला. म्हातारपणी ना पेन्शन, ना बँकेत काही, असतात ती पोरंच. त्यातली जगतील किती हेही पूर्वी ठाऊक नसायचं. माझ्या आजीला नऊ बाळंतपणं झाली, जगली चार. ती म्हणायची, "एक डोया काय कामना?" म्हणजे एकच डोळा काय कामाचा.

पोरं जगायला लागली आणि शाळा दारात आली, तशी संख्या उतरली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 1992-93 ला महाराष्ट्रात बाईमागे सरासरी 2.9 मुलं होती, 2019-21 ला 1.7. देशाचे 2019-21 चे आकडे बघा: शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला 2.8, बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्या बाईला 1.8. नंदुरबारात साक्षरता 2011 ला 64.4 टक्के होती, राज्याची 82.3. आधी ही दरी भरा, मग पोरं मोजा.

रावेरी
बाई, तुमचे आकडे मान्य. पण जमीन आकडे वाचत नाही.

आजोबांचे चाळीस बिघे होते. चार मुलगे, दहा-दहा आले. वडिलांच्या दहात आम्ही चौघं. आज माझ्या सातबाऱ्यावर अडीच बिघे. विहीर एकच, पाळी चौघांची. बुधवारी रात्री माझी मोटार चालते, त्या रात्री लाइट गेली की केळीला पुढच्या बुधवारपर्यंत पाणी नाही. ही गरिबी कुठून आली? कुणी लुटलं नाही, दुष्काळ पडला नाही. माणसं वाढली, जमीन वाढली नाही.

मी दोनावर थांबलो. थोरली फैजपूरला बी.फार्म. करते. माझ्या सख्ख्या भावाला चार. त्याचा थोरला दहावीनंतर घरी बसला, कारण मागच्या तिघांचं बघायचं होतं. रान तेच, पाणी तेच, भाव तोच. फरक पोरांच्या संख्येचा. गॅरी बेकर नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1960 पासून हेच मांडलं की आईबाप पोरांची संख्या आणि प्रत्येकावर करायचा खर्च यांत निवड करतात. त्याला पुढे नोबेल मिळालं, पण आमच्या बांधावर हे कुणालाही कळतं.

आणि विकास होईपर्यंत थांबायचं म्हणता, तर 1974 ला बुखारेस्टच्या लोकसंख्या परिषदेत आपले तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. करण सिंग यांनीही तेच सांगितलं होतं, की विकास हेच उत्तम गर्भनिरोधक. दोन वर्षांनी त्याच करण सिंगांच्या लोकसंख्या धोरणात लिहिलं गेलं की शिक्षण आणि विकासाची वाट बघत बसणं परवडणार नाही. बांगलादेशने वाट बघितली नाही. तिथल्या मतलब नावाच्या भागात 1977 पासून बायका घरोघर गर्भनिरोधक साधनं घेऊन गेल्या, आणि शेजारच्या गावांपेक्षा तिथे जन्म कमी झाले. आधी साधन पोचलं, श्रीमंती नंतर.

सातपुड्याची बाई
भाऊ, तुम्ही दोनावर का थांबलात? पहिली दोन्ही पोरं जगली म्हणून. फैजपूरला कॉलेज होतं आणि तिथवर एसटी जाते म्हणून. पोरीच्या शिक्षणातून काही हाती लागेल अशी खात्री वाटली म्हणून. त्या सालदाराला यातलं काय दिसतंय?

आणि 1976 च्या धोरणाचं पुढे काय झालं तेही लिहा. 1976-77 या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या. शिक्षकांना केस आणायची टार्गेटं होती. माझे वडील शिक्षकच. ते सांगायचे, जीप दिसली की माणसं तुरीच्या रानात पळायची, आणि नंतर कितीतरी वर्षं लस द्यायला आलेल्या नर्सलाही लोक दार उघडत नव्हते. चीनचं उदाहरण कुणी देण्याआधीच सांगते: तिथे बाईमागची मुलं 1970 च्या दशकातच जवळपास सहावरून तीनच्या खाली आली होती, एक मूल धोरण त्यानंतर आलं.

बांगलादेशचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. 1994 पासून तिथे खेड्यातल्या मुलींना सहावी ते दहावी पैसे मिळायला लागले. अट काय, तर 75 टक्के हजेरी आणि लग्न झालेलं नको. पोरगी शाळेत राहिली, लग्न लांबलं, पहिलं बाळंतपण लांबलं. साधनं होतीच, पण ती वापरावीशी वाटायला हे लागलं.

पांझरा
तुम्ही दोघंही शाळा म्हणजे हमखास फळणारी बाग धरून बोलताय. माझ्याकडे बघा.

2012 ला डी.एड. झालो. त्यानंतर शिक्षकभरती वर्षानुवर्षं बंद राहिली. एका खासगी संस्थेत जागा होती, तिथे पंधरा लाख मागितले. वडील दोन बिघे विकायला निघाले होते, मी हात धरला. आज सुरतला कापड मार्केटमध्ये गाठोडी मोजतो, सकाळी नऊ ते रात्री नऊ. माझा चुलतभाऊ नववी सोडून सोळाव्या वर्षी तिथेच लूमवर गेला. आज तो कारागिरांवर देखरेख करतो आणि माझ्यापेक्षा जास्त कमावतो. गावातल्या आयांनी दोघांकडे बघून काय धडा घ्यावा?

रावेरी भाऊ, तुम्ही सगळा पैसा दोन पोरांवर लावलात. दोघांना नोकरी नाही लागली तर? गरीब माणूस मूर्ख नसतो. तो एकावर सगळं लावत नाही. एक शाळेत, एक शेतात, एक सुरतला. तिन्हीतला एक तरी चालेल. बाई म्हणतात शिकवा, भाऊ म्हणतात कमी करा. शिकलेल्या हाताला काम कुठाय, हे दोघांपैकी कुणीच बोलत नाही. धुळ्याच्या एमआयडीसीत जाऊन विचारा बारावी झालेल्याला काय रोज मिळतो. अंगठेबहाद्दराला मिळतो तोच.

रावेरी
पांझरा दादा, तुमचं दुःख खरं. पण तुमचे दोन बिघे वाचले ते तुम्ही शिकलेले असल्यामुळेच. वडिलांचा हात धरायला तेवढी समज लागते. इंडोनेशियाने 1973 ते 78 मध्ये साठ हजारांवर प्राथमिक शाळा बांधल्या, आणि पुढे एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञ बाईने मोजलं तर त्या पोरांची कमाई वाढलेली निघाली. फळ उशिरा येतं.

पांझरा
उशीर परवडणाऱ्यालाच ते फळ खायला मिळतं, भाऊ. माझे वडील आता अडुसष्ट वर्षांचे आहेत.

गिरणाई
मी एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी सरकारी नर्स आहे, जळगाव जिल्ह्यात. वरचं सगळं वाचलं. जिला बाळ होतं तिला कुणी विचारलंच नाही.

माझ्याकडे तिसऱ्या, चौथ्या खेपेला येते ती बाई कानाशी येऊन सांगते, "ताई, माले नको व्हतं." घरात सांगायची सोय नाही. तांबी बसवली तर सासू कटकट करते, गर्भ राहू नये म्हणून 'अंतरा' इंजेक्शन घ्यायला तीन महिन्यांनी परत यायचं तर नवरा विचारतो कुठे चाललीस. देशात 2019-21 ला ऑपरेशन झालेल्या बायका 37.9 टक्के, आणि पुरुष 0.3. कुटुंब नियोजन म्हणजे बाईचं पोट, एवढंच आपण शिकलो.

आणि बाई, शिकलं की सुधारलं, हेही मला पटत नाही. 2011 च्या जनगणनेत शून्य ते सहा वयात हजार मुलांमागे मुली किती? राज्यात 894. तुमच्या नंदुरबारात 944. आमच्या जळगावात 842. साक्षरता जळगावची 78.2 आणि नंदुरबारची 64.4, तरीही हे. केळी, कापूस, सोनं, कॉलेजं, सगळं आमच्याकडे. कुटुंब छोटं झालं, आणि छोट्या कुटुंबात मुलगा बसवायला मुलगी काढली. गर्भलिंग तपासणीविरुद्ध 1994 पासून कायदा आहे. सोनोग्राफीचं मशीन पैसेवाल्याला परवडतं, डोंगरातल्या पावरा आदिवासीला नाही. आता माझ्याच गावात पस्तिशीतली पोरं लग्नाची राहिलीत आणि त्यांच्या आया रोज मला विचारतात, कुठे आहे का पोरगी.

रावेरी भाऊ, राग मानू नका, पण तुमची दुसरी खेप मुलगा निघाला म्हणून तुम्ही थांबलात, की कशीही निघाली असती तरी थांबला असता?

रावेरी
ताई, हा प्रश्न मला घरातही कुणी विचारलेला नाही. दुसरा मुलगा आहे. मुलगी असती तर काय केलं असतं, ते आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. बायको म्हणते, तू थांबला नसतास.

पण जमिनीबद्दल माझं म्हणणं तेच आहे.

सातपुड्याची बाई
गिरणाई ताई, मान्य. मी शाळा म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमच्या वर्गातली पोर होती. तिसरीतली. कडेवर भाऊ घेऊन येते, दाराजवळ बसते, म्हणजे तो रडला की चटकन उठून बाहेर जाता येईल. पाटीवर एका हाताने लिहिते. दिवाळीनंतर गुजरातच्या ऊसतोडीला घरचे गेले की तीही जाते. कोयता धरायला नाही, त्या भावाला राखायला. हंगामी वसतिगृहात ठेवा म्हटलं तर आई म्हणते, मग याला फडात कोण धरेल?

रावेरी
हेच तर मी पहिल्यापासून सांगतोय. तो भाऊ नसता तर ती पोर वर्गात असती. त्याचा खर्च बाप देत नाहीये, ती देतेय.

सातपुड्याची बाई
खरं आहे, तीच देतेय. पण तो आहे, भाऊ. एक वर्षाचा आहे. अंगणवाडीत बसवतात तीन वर्षांपासून पुढे. तीनच्या आतलं पोर कामावरच्या बाईने कुठे ठेवायचं, याला ना आपल्या गावात उत्तर आहे, ना फडावर. मी व्हरांड्यात जुन्या साडीची झोळी बांधली. तो झोपतो तेवढा वेळ ती दोन्ही हातांनी लिहिते.

गिरणाई
त्या सालदाराच्या पाचांत मुलगे किती? ओट्यावर कुणी विचारलं का?

सातपुड्याची बाई
नव्हतं विचारलं. मीही नाही. आज काकांना फोन केला. पहिल्या चार मुली, पाचवा मुलगा, दीड वर्षाचा. थोरली सातवीत होती. मळ्यात राहायला आल्यापासून धाकट्याला तीच सांभाळते, आई निंदणीला जाते. शाळा दोन किलोमीटरवर. कायद्याने दाखल्यावाचूनही प्रवेश नाकारता येत नाही, त्यामुळे जूनमध्ये नाव घालणं एका दिवसाचं काम आहे. अडतंय ते दीड वर्षाच्या पोरापाशी.

काकूला म्हटलं, दुपारपर्यंत त्याला ओट्यावर राहू द्या, तुमच्या डोळ्यांसमोर खेळेल. काकू म्हणाली, विचारते काकांना.