अडीनडीसाठी घरात काय आणि किती साठवून ठेवावं?

दोनखणी
घरात आम्ही चौघं. आम्ही दोघं, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. त्यांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. वादळ, पूर, साथ, रस्ते बंद, कशानेही दोनेक आठवडे बाहेर पडता आलं नाही तरी चूल पेटती राहावी, एवढंच मला हवं आहे. मिस्टर म्हणतात एकदाच 25 किलो तांदूळ, 25 किलो गव्हाचं पीठ, पोतंभर राजमा आणि झटपट नूडल्सची खोकी आणू आणि माळ्यावर टाकून देऊ, मग वर्षभर बघायला नको. मला हे पटत नाही, पण वाद घालायला मुद्दे सापडत नाहीत. घर लहान आहे. उन्हाळ्यात माळ्यावर हात घातला तर वाफ अंगावर येते. कुणी असा साठा करून वापरला असेल तर सांगा, काय ठेवावं, किती, आणि किड्यांचं काय करावं?

कोठीवाली
मिस्टरांना सांगा, तांदळाला माझी हरकत नाही. बाकी सगळ्याला आहे. निवृत्त होईपर्यंत एका वसतिगृहाच्या मेसची कोठी माझ्याकडे होती, त्यामुळे हे जरा लांबणार.

पीठ आधी. दाणा अख्खा असतो तोवर त्याच्या अंकुरातलं तेल आत सुरक्षित असतं. दळलं की त्याला हवा लागते आणि खवटपणा तिथून सुरू होतो. कोंड्यासकट दळलेलं पीठ उन्हाळ्यात वर्षभर टिकायचं नाव नको, त्यात माळ्यावर तर नाहीच. मैदा त्यापेक्षा टिकतो, कारण अंकुर आणि कोंडा आधीच काढलेला असतो. दळायची सोय असेल तर गहू ठेवा, नसेल तर पीठ महिन्या-दीड महिन्याच्या खपापुरतंच. तांदळातही तोच नियम. पॉलिश केलेला पांढरा तांदूळ कोरडा, थंड आणि ऑक्सिजन काढून बंद केला तर 30 वर्षांनीही खाता येतो. बिनपॉलिशचा तपकिरी तांदूळ सहा महिन्यांपासून वर्षभरात वास मारायला लागतो. रोजच्या जेवणात तपकिरी खा, जरूर खा. साठ्यात पांढरा.

राजमा मला मनापासून आवडतो, पण अडचणीच्या दिवसांसाठी त्याच्याइतकं गैरसोयीचं कडधान्य नाही. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य असतं, अर्धवट शिजलेला खाल्ला तर काही तासांत उलट्या सुरू होतात. तो पाच तास भिजवायचा, ते पाणी फेकायचं, ताज्या पाण्यात चांगला खळखळ उकळायचा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवायचा. म्हणजे भिजवायला पाणी, फेकायला पाणी आणि जाळायला भरपूर इंधन. नेमक्या ह्याच दोन गोष्टींची तेव्हा चणचण असते. शिवाय गरम, दमट जागी वर्षभर पडलेलं कोणतंही अख्खं कडधान्य आतून कडक होतं, मग कुकरच्या कितीही शिट्ट्या करा, ते मऊ होत नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा थोडीफार मदत करतो. त्यापेक्षा सालं काढलेल्या डाळी घ्या, विशेषतः मसूर. भिजवायची गरज नाही आणि पटकन शिजते.

नूडल्सची दोन-चार पाकिटं मुलासाठी असू द्या. खोकी नकोत. बहुतेक झटपट नूडल्स तळून वाळवलेल्या असतात, ते तेल खवट होतं. त्यांच्या मसाल्यात मीठ इतकं असतं की खाणाऱ्याला तहान लागते आणि मोजून ठेवलेलं पाणी संपतं.

माळा तर नकोच. मोठमोठे डबे घेऊनही लोक इथेच फसतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की अन्न खराब व्हायचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. वीस अंशांच्या खोलीत जे वर्षभर चांगलं राहील ते तीस अंशांत सहा महिन्यांचं, आणि तुमच्या माळ्यावर उन्हाळ्यात किती होत असेल ते तुम्हीच बघा. पलंगाखाली, कपाटाच्या तळाशी, बाहेरच्या भिंतीला न टेकलेली अंधारी जागा शोधा. जमिनीवर थेट नको, खाली फळी ठेवा, ओल येते.

आता किती. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 2000 कॅलरी धरा. 300 ग्रॅम तांदूळ, 80 ग्रॅम डाळ, 30 ग्रॅम तेल, 30 ग्रॅम साखर आणि मूठभर, म्हणजे 40 ग्रॅम शेंगदाणे, एवढ्यात तेवढ्या कॅलरी होतात. चौघांचे चौदा दिवस म्हणजे तांदूळ सुमारे 17 किलो, डाळ साडेचार, तेल पावणेदोन, साखर तेवढीच, दाणे सव्वादोन. मुलगा कमी खाईल, सासूबाईंना भात आणि साखर कमी, डाळ जास्त. एकूण सत्तावीस-अठ्ठावीस किलो झालं. पलंगाखाली मावतं आणि वर्षभर कुठे पडूनही राहत नाही, कारण हेच तुम्ही रोज खाता. नवा माल मागे सरकवायचा, काढायचं पुढून, झाकणावर मार्करने आणल्याची तारीख. अडचणीत काढायचा म्हणून वेगळा, कुणी न खाणारा साठा केला की तो किड्यांचाच होतो.

मीठ विसरू नका. मीठ आणि साखर कोरडी ठेवली तर खराब होतच नाहीत, ढेकळं झाली तर फोडून घ्या. आयोडीन मात्र मिठातून हळूहळू उडतं.

चिकित्सक
कोठीवाली ताईंच्या उत्तरात किड्यांचं राहिलं. बहुतेक वेळा टोके बाहेरून येत नाहीत, अंडी दाण्यासोबतच घरी येतात. धान्य घट्ट पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांना चार दिवस ठेवलं की अंडी आणि अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. आतलं धान्य खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, नाहीतर थंड दाण्यावर हवेतलं पाणी जमतं आणि किड्यांऐवजी बुरशी मिळते.

आणि ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या कशा राहिल्या? त्यात लोखंडाची भुकटी असते, ती गंजताना डब्यातला ऑक्सिजन खाऊन टाकते. मायलारच्या, म्हणजे हवा आत न सोडणाऱ्या चकचकीत पिशवीत धान्य, पुडी, वरून गरम इस्त्रीने सील, संपलं. मी तर सगळंच तसं ठेवतो. डाळी, साखर, बेदाणे, अक्रोड.

कोठीवाली
फ्रीझरचं अगदी बरोबर, फक्त सतरा किलो तांदूळ एकदम मावत नाही, दोन-तीन किलोच्या हप्त्यांनी करा.

पुड्यांबद्दल मात्र थांबा. साखरेत ती पुडी टाकली तर साखरेचा दगड होतो. मिठाला तिचा उपयोग नाही. बेदाण्यात ओलावा असतो, आणि ऑक्सिजन नाही, ओलावा आहे, आंबटपणा पुरेसा नाही, अशा जागी बोटुलिझमचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेचा जिवाणू वाढू शकतो. त्याचं विष वासावरून किंवा चवीवरून कळेलच असं नाही. पुडी घालायची ती खडखडीत कोरड्या धान्यात, ज्यात ओलावा दहा टक्क्यांच्या आत आहे अशाच. साध्या प्लास्टिकच्या डब्यात ती वाया जाते, कारण प्लास्टिकमधून आणि झाकणाच्या फटीतून हवा आत येतच राहते. आणि पुड्यांचं पाकीट उघडलं की त्या हवेतच काम सुरू करतात, म्हणून आधी पिशव्या भरून घ्या, मग पाकीट फोडा. हाताला कडक लागणारी पुडी संपलेली असते, चांगली असेल तर आतली भुकटी सुटी लागते.

पण मुळात ह्यांना दोन आठवड्यांचा फिरता साठा हवा आहे, आणि त्याला पुडी लागतच नाही. कोरडा डबा, घट्ट झाकण, तारीख आणि वापर, बस. दहा वर्षांची तजवीज करणाऱ्यांसाठी तो उद्योग ठीक आहे.

चिकित्सक
बेदाण्यांचं बघतो.

रात्रपाळी
मी आरोग्यसेवेत आहे, म्हणून सासूबाईंबद्दल लिहिते. किराण्याच्या यादीत औषधं सगळ्यात वर लिहा. नेहमीच्या गोळ्या दोन-तीन आठवडे पुरतील एवढ्या शिल्लक राहतील असं डॉक्टरांशी बोलून ठरवा, आणि त्यांचाही नियम तोच, जुनी पट्टी आधी. जेवणाच्या वेळा चुकल्या आणि गोळी घेतली तर साखर खाली जाऊ शकते, म्हणून ग्लुकोज किंवा साधी साखर त्यांच्या हाताशी हवी. पाहुण्यांत कुणी इन्सुलिन घेणारं असेल तर, वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालते, मात्र 30 अंशांच्या खाली आणि उन्हापासून लांब. नेमकी मुदत त्या औषधाच्या कागदावर वाचा.

मध टिकतो म्हणून सगळे साठवतात, ठीक आहे, पण वर्षाच्या आतल्या बाळाला तो देऊ नये. कारण ताईंनी वर सांगितलेलाच जिवाणू.

आणखी एक. पंधरा दिवस नुसता डाळभात खाल्ला तर कुणी आजारी पडणार नाही, पण दिवस लांबले तर क जीवनसत्त्वाची अडचण येते. सुक्या कडधान्यात ते जवळपास नसतं, मोड आणले की तयार होतं. म्हणून राजमा सोडून थोडं अख्खं कडधान्य, मूग किंवा अख्खा मसूर, असू द्या. मोड फार शिजवू नका, वाफ पुरे.

दोनखणी
वाचून दाखवलं. मिस्टर पिठावरून मागे सरले, राजम्यावर अजून चर्चा चालू आहे. आता दोन शंका. डबाबंद पदार्थ किती टिकतात? छापील तारीख उलटली की फेकायचे का? आणि पाणी किती ठेवू? त्याचा आकडा कुणीच सांगितला नाही.

कोठीवाली
डब्यांपैकी आंबट पदार्थ, म्हणजे टोमॅटो, अननस, वर्ष-दीड वर्षात संपवा, आम्ल आतून पत्रा खातं. वाटाणे, मका, मासे, चणे असे आंबट नसलेले दोन ते पाच वर्षं चांगले राहतात. डब्यावर 'बेस्ट बिफोर' असेल तर ती चवीची हमी आहे, तारीख उलटली म्हणून दुसऱ्या दिवशी विष होत नाही. तारखेपेक्षा डबा बघा. फुगलेला, गळणारा, सांध्यावर चेपलेला, खोल गंजलेला, किंवा उघडताना फवारा उडाला तर चाखूनसुद्धा बघायचं नाही, सरळ फेकायचा. आणि डबे फोडायचं हत्यार घ्या, हाताने चालणारं. पत्र्याच्या डब्याचं पेटंट 1810 चं आणि तो उघडायच्या हत्याराची पेटंटं 1850 नंतरची, मधली चाळीसेक वर्षं माणसं छिन्नी-हातोडी घेऊन जेवायला बसत होती. तुम्हाला ती वेळ नको.

वीज गेली तर आधी फ्रीज रिकामा करा, कोरडा साठा नंतर. दार न उघडता फ्रीज चार तास धरतो. गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस. स्वयंपाक घरात करायचा तर कोळशाची शेगडी खोलीत पेटवू नका, खिडकी उघडी असली तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पाण्याचं म्हणाल तर माणशी दिवसाला चार लिटर, प्यायला आणि रांधायला मिळून. माझ्या हिशेबातला 300 ग्रॅम तांदूळ आणि डाळ शिजवायलाच माणशी लिटरभर जातं. चौघांचे चौदा दिवस म्हणजे 224 लिटर, तेवढं वजन दोन खोल्यांत ठेवायला मी सांगणार नाही. तीन दिवसांचं तयार ठेवा, 48 लिटर, वीस लिटरचे तीन कॅन झाले. पुढच्या दिवसांचं मिळेल ते पाणी गाळून, उकळी फुटल्यावर एक मिनिट खळखळू देऊन वापरा. त्या उकळण्याचं इंधन धरूनच गॅस मोजा. कॅन खाद्यपदार्थांसाठीचेच घ्या आणि दर सहा महिन्यांनी पाणी बदला. जुनं बागेला, फरशीला.

दोनखणी
कॅन बाथरूमबाहेरच्या कपाटात बसतील. तिथे साबण, फिनेल आणि थिनरची बाटली असते, चालेल ना?

कोठीवाली
नाही. बाटल्या हलवा किंवा कॅन हलवा. थिनरसारख्याची वाफ प्लास्टिकमधून आत शिरते आणि पाण्याला वास लागतो. दुसरी जागा नसेल तर कॅन पलंगाखाली आणि डाळीचे डबे ह्या कपाटात, तेही थिनर तिथून काढल्यावरच.