साताऱ्याचे रस्ते आणि वर्षातून दोन ट्रॅक डे : केमन एससाठी कोणते डॅम्पर घ्यावेत?

नमस्कार.

माझ्याकडे 2010 सालची पोर्शे केमन एस आहे. 987 पिढीची, 3.4 लिटर इंजिनाची, मॅन्युअल गिअरची आणि इलेक्ट्रॉनिक डॅम्पिंग नसलेली. तिचे चारही शॉकअप, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारे तेलाचे डॅम्पर, आता बदलावे लागणार आहेत. मागच्या डाव्या डॅम्परमधून तेल पाझरते आणि त्यावर कासच्या रस्त्यावरची तांबडी धूळ बसून असा थर झाला आहे की बोट फिरवले तर लेपासारखा निघून येतो.

गाडी आठवड्यातून एक-दोनदा यवतेश्वरचा घाट चढते, अधूनमधून वाईवरून पसरणी घाटाने पाचगणीला जाते आणि वर्षातून दोनदा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर धावते. तो ट्रॅक 3.7 किलोमीटरचा, 12 वळणांचा आहे आणि साताऱ्याजवळून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 48 वरच आहे. त्यामुळे ट्रेलरचा खर्च न करता मी गाडी चालवतच नेतो आणि जाऊन-येऊन दोन हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास याच डॅम्परवर होतो. म्हणजे केवळ ट्रॅकसाठी घेतलेला कडक संच मला परवडणारा नाही.

एक चूक मी आधीच करून बसलो आहे. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजच्या सल्ल्याने जुने डॅम्पर तसेच ठेवून फक्त गाडी खाली बसवणारे स्प्रिंग लावले. गाडी दिसायला झकास झाली, पण घाटात प्रत्येक खड्ड्यावर ठोका बसू लागला. शेवटी पुढच्या डॅम्परचे रबरी आवरण वर सरकवून दांड्याला एक केबल टाय घट्ट बांधला आणि यवतेश्वरला एक फेरी मारून आलो. परत येऊन पाहिले, तर टाय थेट बंप स्टॉपला, म्हणजे डॅम्पर पूर्ण दबल्यावर ठोका झेलणाऱ्या रबरी ठोकळ्याला, जाऊन टेकला होता. डॅम्परला काम करायला जागाच उरली नव्हती. त्याच आठवड्यात मूळ स्प्रिंग परत बसवले.

तेव्हापासून मी जे वाचतो आणि विचारतो, त्यात लोक प्रामुख्याने डॅम्परचा कडकपणा बदलायचे किती खटके (टप्पे) आहेत हेच सांगतात. माझ्या समजुतीप्रमाणे खरा प्रश्न वेगळा आहे. वळणात गाडी कलते किंवा ब्रेक दाबल्यावर नाक खाली जाते, तेव्हा डॅम्परमधला पिस्टन सावकाश हलतो. चाक खड्ड्याच्या किंवा गतिरोधकाच्या कडेवर आदळते, तेव्हा तो कितीतरी पट वेगाने हलतो. ट्रॅकसाठी मला पहिल्या प्रकारात जास्त विरोध हवा आहे आणि साताऱ्यासाठी दुसऱ्या प्रकारात कमी. ट्रॅकच्या कडेचे कर्बसुद्धा (वळणाच्या कडेच्या उंचवट्याच्या पट्ट्या) दुसऱ्याच प्रकारात मोडतात, त्यामुळे दोन्ही वापरांच्या गरजा लोक सांगतात तितक्या परस्परविरोधी नसाव्यात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो. आमच्याकडच्या गावोगावच्या गतिरोधकांनी हे माप कधी पाहिलेले दिसत नाही.

सध्या तीन संच मनात आहेत. बिलस्टीनच्या पीएसएस10 मध्ये एकच नॉब फिरवून रिबाउंड (डॅम्पर लांबतानाचा विरोध) आणि कम्प्रेशन (दबतानाचा विरोध) एकत्र बदलतात, आणि माझी शंका तिथेच आहे, कारण ट्रॅकवर रिबाउंड वाढवायला गेलो तर कम्प्रेशनही सोबत वाढणार. केडब्ल्यू व्हेरियंट 3 मध्ये दोन्ही वेगवेगळे बदलता येतात आणि त्याची बाहेरची नळी स्टेनलेस स्टीलची असते. इथला पावसाळा पाहता ही गोष्ट मला खटक्यांपेक्षा मोलाची वाटते. ओहलिन्स रोड अँड ट्रॅकमध्ये अचानक बसणाऱ्या धक्क्याला तेलाला वेगळी वाट देणारा झडपेचा प्रकार आहे. कागदावर मला हाच हवा आहे, पण किंमत ऐकून हात आखडतो. चौथा मार्ग म्हणजे मूळ पद्धतीचेच नवे डॅम्पर बसवून कॅम्बर (चाकाचा वरून आत झुकणारा कल) थोडा वाढवणे, कारण या गाडीला चारही चाकांना मॅकफर्सन स्ट्रट (डॅम्परच चाकाला वरून धरून ठेवतो अशी रचना) आहेत आणि ट्रॅकवर पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा आधी झिजतात. वरची माउंटिंग मात्र रबरीच ठेवणार आहे.

ज्यांनी यांपैकी एखादा संच आपल्या रस्त्यांवर प्रत्यक्ष वापरला आहे, त्यांच्याकडून मला हे जाणून घ्यायचे आहे की पीएसएस10 सर्वांत मऊ खटक्यावर ठेवला तर खेड्यातल्या गतिरोधकावर तो कसा वागतो. तसेच या संचांबरोबर मूळपेक्षा कडक स्प्रिंग येतात आणि उंचीही उतरते, तर उंची वरच्या मर्यादेला ठेवल्यास गाडी मूळ उंचीच्या किती जवळ राहते आणि चाकाला पुरेसा खाली-वर प्रवास मिळतो का, हेही सांगावे. शेवटची अडचण दुरुस्तीची आहे. सांगली-कोल्हापूरकडे यंत्रकाम उत्तम होते, परंतु नायट्रोजन भरलेला मोनोट्यूब (एकाच नळीचा डॅम्पर) उघडून, सील बदलून पुन्हा योग्य दाबाने भरून देणारे कोणी पुण्यापासून बेळगावपर्यंत आहे का, की दर वेळी डॅम्पर परदेशीच पाठवावे लागतात? पुढचा ट्रॅक डे फेब्रुवारीत आहे आणि माल यायला वेळ लागतो, म्हणून दिवाळीच्या आधी मागणी नोंदवण्याचा विचार आहे.