एमबीबीएसनंतर स्पोर्ट्स मेडिसिन: एमडी की ब्रिटनमधली एमएस्सी?

इंटर्न_सातारा:
नमस्कार मंडळी. इंटर्नशिप संपायला चार महिने उरलेत. स्पोर्ट्स मेडिसिनच करायचं हे पक्कं आहे. 'आधी ऑर्थो कर, मग आर्थ्रोस्कोपी (सांध्यांची दुर्बिणीची शस्त्रक्रिया)' असं जो तो सांगतो, पण ऑपरेशन थिएटरमध्ये मन रमत नाही. नीट-पीजीतून एमडी स्पोर्ट्स मेडिसिन घ्यावं की ब्रिटनमध्ये वर्षभराची स्पोर्ट अँड एक्झरसाइज मेडिसिनची एमएस्सी करावी? एमएस्सी करून आल्यावर इथे तज्ज्ञ म्हणून नोंदणी होते का? आणि प्रत्यक्षात शिकायचं काय असतं?

मैदानकाठ:
नोंदणीचं आधी सांगतो, कारण पैसे भरून झाल्यावर हे कळलं तर फार उशीर झालेला असतो. एमएस्सी ही शैक्षणिक पदवी आहे. ती घेऊन ना इथे तज्ज्ञ म्हणून नोंद होते, ना तिथे रुग्ण तपासण्याची परवानगी मिळते. ब्रिटनमध्ये रुग्ण तपासायचे तर जनरल मेडिकल कौन्सिलची नोंदणी वेगळी घ्यावी लागते. ती नसेल तर क्लिनिकमध्ये बाजूला उभं राहून बघायचं, एवढंच. 2005 पासून तिथे ही स्वतंत्र वैद्यकीय शाखा आहे, पण तिचा रस्ता कित्येक वर्षांच्या नोकरीतल्या प्रशिक्षणातून जातो, एमएस्सीतून नव्हे.

एमएस्सी वाया जाते असं मात्र मुळीच नाही. 180 क्रेडिट असतात, त्यातले साधारण 60 प्रबंधाचे. संशोधन वाचायची आणि करायची शिस्त तिथे उत्तम लागते. पण मला विचाराल तर तुमच्यासाठी एमडी. तीन वर्षं, रोजची ओपीडी, आणि हातात मान्यताप्राप्त पदवी. जागा देशभरात मोजक्याच आहेत आणि बहुतेक महाराष्ट्राबाहेर, त्यामुळे अखिल भारतीय कोट्याच्या फेऱ्यांत पसंतीक्रम नीट विचार करून भरा. कॉलेज निवडताना तिथल्या निवासी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: आठवड्याला ओपीडी किती, अल्ट्रासाउंडचा प्रोब स्वतःच्या हातात कधीपासून मिळतो, आणि स्पर्धांना ड्युटी लागते का. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं, तर ते कॉलेज यादीत खाली ढकला.

ट्रेडमिल_लॅब:
बाहेरून ही शाखा म्हणजे गुडघे आणि घोटे असं वाटतं. आत निम्मं काम हृदय, फुप्फुसं आणि चयापचयाचं आहे. मधुमेही माणसाला 'चालत जा' म्हणून सोडून देता येत नाही. आठवड्यातून किती वेळा, किती जोर लावून, किती मिनिटं, कोणता व्यायाम, आणि तो वाढवायचा कधी, हे औषधाच्या चिठ्ठीसारखं लिहून द्यावं लागतं.

व्हीओटू मॅक्सची, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते मोजणारी चाचणी पहिल्या सहा महिन्यांत हाताखालून जायला हवी. दर वेळी सुरुवातीला यंत्राचं मोजमाप तपासून घ्यायचं: तीन लिटरच्या सिरिंजने हवेचं आकारमान आणि ठरावीक मिश्रणाच्या सिलिंडरने वायू. ब्रूस प्रोटोकॉल या ट्रेडमिलच्या ठरलेल्या पद्धतीत दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात, पहिला टप्पा ताशी 2.7 किलोमीटर आणि 10 टक्के चढ. चुका ठरलेल्या असतात. मास्क नाकाच्या कडेला गळतो आणि आकडा कमी येतो. खेळाडू कठडा धरतो, जास्त वेळ टिकतो, आणि वेळेवरून क्षमता काढली तर ती फुगलेली दिसते. आरईआर (बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले घेतलेला ऑक्सिजन) 1.10 च्या वर गेलाच नाही तर 'कमाल' हा शब्द अहवालात लिहू नका, बहुधा तो आधीच थांबलाय.

खेळाडूंच्या ईसीजीसाठी 2017 चे आंतरराष्ट्रीय निकष पाठ करा. लांब पल्ल्याच्या धावपटूची नाडी 42 असणं सहसा त्याच्या सरावाचं फळ असतं. ईसीजीच्या लॅटरल लीड्समध्ये (हृदयाची डावी बाजू दाखवणाऱ्या) टी वेव्ह उलटी दिसली, तर मात्र इको आणि पुढच्या तपासण्या होईपर्यंत त्याला मैदानावर सोडायचं नाही, मग प्रशिक्षक कितीही मागे लागोत.

फिनिशलाइन:
स्पर्धेच्या ड्युटीबद्दल वर लिहिलंय ते अगदी खरं. मॅरेथॉनच्या वैद्यकीय तंबूत जे शिकता येतं ते वॉर्डात मिळत नाही.

रेषा ओलांडल्याबरोबर कोसळलेला धावपटू बहुतेक वेळा साधा असतो. पाय थांबले, रक्त खाली साचलं, दाब पडला. आडवं करा, पाय वर घ्या, थोड्या वेळात तो बोलायला लागतो. जो रेषेच्या अलीकडेच कोसळतो किंवा असंबद्ध बोलतो, त्याच्याबाबत घड्याळ सुरू झालं समजा. तापमान गुदमार्गानेच घ्यायचं. कपाळावरचं किंवा कानातलं यंत्र घामाने आणि वाऱ्याने खोटं सांगतं. 40 च्या वर आणि शुद्ध हरपलेली म्हणजे उष्माघात. बर्फाच्या पाण्याच्या टबात मानेपर्यंत बुडवा, काखेखालून चादर घालून डोकं वर धरा, पाणी सतत ढवळत राहा. मिनिटाला साधारण 0.2 अंश उतरतं, म्हणजे 42 वरून 39 वर यायला पंधराएक मिनिटं. तिथे बाहेर काढा, नाहीतर शरीर गरजेपेक्षा जास्त थंड पडतं. रुग्णवाहिका दारात उभी असली तरी आधी थंड करायचं, मग हलवायचं.

तापमान ठीक आहे, पण उलट्या होताहेत, बोटातली अंगठी रुतलीय, माणूस गोंधळलाय? दर स्टेशनवर ढसाढसा पाणी पिऊन रक्तातलं सोडियम उतरलेलं असू शकतं. इथे सवयीने नॉर्मल सलाइन लावणं ही सर्वांत घातक चूक, त्याने सोडियम आणखी घसरू शकतं. जागेवर सोडियम तपासा. कमी असेल आणि मेंदूची लक्षणं असतील तर 3 टक्के, म्हणजे जास्त मिठाचं सलाइन 100 मिली दहा मिनिटांत, गरजेनुसार तीनदापर्यंत.

इंटर्न_सातारा:
मनापासून आभार. एमडीचंच ठरवतो. थीसिसचं काय? खेळाडू मिळतात का?

मैदानकाठ:
मिळतात, पण टिकत नाहीत. शिबिर संपलं की कबड्डीचा संघ पांगतो आणि तुमचं फॉलो-अप अर्धवट राहतं. म्हणून आधी हंगामाचं वेळापत्रक मागा, मग विषय ठरवा. दोन गटांत मध्यम फरक शोधायचा तर 80 टक्के पॉवरला (फरक खरोखर असेल तर तो सापडण्याची शक्यता) प्रत्येकी 64 जण लागतात. पाचवा हिस्सा गळणार हे धरून 80 घ्या. एवढे जमणार नसतील तर व्यायामाची ट्रायल सोडा आणि मोजमापाच्या विश्वासार्हतेवर काम करा. दोन परीक्षक, तेच खेळाडू, आठवड्याच्या अंतराने दोनदा. त्याला खेळाडू कमी लागतात आणि ते एका शिबिरात उरकतं. ट्रायलच करायची असेल तर पहिला खेळाडू घेण्याआधी सीटीआरआयवर (भारतातली क्लिनिकल ट्रायल्सची नोंदवही) नोंदणी झालेली हवी. नंतर केलेल्या नोंदणीवर चांगली नियतकालिकं पेपर परत पाठवतात.

आणि आत्तापासून एक सवय लावा: खेळाडूला कोणतंही औषध लिहिण्याआधी वाडाची (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) बंदी असलेल्या औषधांची चालू वर्षाची यादी उघडायची. ती दर 1 जानेवारीला बदलते. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक 2024 पासून स्पर्धाकाळात बंद आहे, आणि कुठल्याही ऑर्थो ओपीडीत ते आजही सर्रास लिहिलं जातं.